दोन लहान मुलं, आजी आणि कॅम्परव्हॅन: कोकण किनाऱ्याचे आठ दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं कुटुंब, मुलगी सहा वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा, सोबत गुडघे दुखणाऱ्या आजी. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन निघायचं आणि अलिबागपासून किनाऱ्याकिनाऱ्याने आठ दिवसांत गोवा गाठायचा. रोज नवा समुद्र, रात्री गाडी वाळूवर लावून लाटांच्या आवाजात झोप. जमेल का, आणि काय काळजी घ्यावी?

सरळ सांगते, हा बेत जमणार नाही. सहल मात्र छान होईल. फक्त तिच्यातून गोवा काढा, अलिबाग काढा, आणि वाळूवर गाडी लावायचं खूळ तर सगळ्यात आधी काढा. आम्ही नवरा-बायको गेली नऊ वर्षं ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेल्या व्हॅनने कोकणात फिरतो. थोरली पहिल्या खेपेला दोन वर्षांची होती, आता अकराची आहे. धाकटा तर गाडीतच रांगायला लागला. त्या पहिल्या खेपेला आम्हीही सहा दिवसांत सात गावं उरकली होती. तिसऱ्या दिवशी मुलीला ताप, चौथ्या दिवशी आमचं कडाक्याचं भांडण. घरी आल्यावर तिला विचारलं, तुला काय आवडलं गं? म्हणाली, “डबकं.” कर्द्याच्या किनाऱ्यावर ओहोटीनंतर राहिलेलं, परातीएवढं डबकं. त्यात एक खेकडा होता. एवढं पेट्रोलपाणी करून सात गावांतून तिच्या लक्षात राहिलं ते एक डबकं, आणि तिथून आम्ही तिला वीस मिनिटांत ओढून काढलं होतं, पुढचं गाव गाठायचं म्हणून.

शाळेच्या पुस्तकात आपला किनारा ७२० किलोमीटरचा असतो. रस्ता त्याहून लांब पडतो, कारण दर थोड्या अंतराने खाडी आडवी येते. रेवस ते रेडी हा सागरी मार्ग नकाशावर सलग रेघ दिसतो, पण मधल्या मोठ्या खाड्या अजून फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात. स्थानिक लोक तिला जंगल जेट्टी म्हणतात. उंच व्हॅन, अरुंद वाड्या, घाटाची वळणं आणि उलटी करणारं एक पोर इतकं जमेला धरलं, तर या रस्त्यावर माझी सरासरी ताशी २५ किलोमीटरच्या वर कधी गेलेली नाही.

म्हणून माझा सल्ला तीन मुक्कामांचा. तृतीयेला पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, महाड, खेड करून दापोली आणि तिथून कर्दे किंवा मुरूड. (हे दापोलीचं मुरूड, महर्षी कर्व्यांचं. जंजिऱ्याचं मुरूड वेगळं. दरवर्षी कुणीतरी भलत्याच मुरूडात खोली ठरवून बसतं.) काशेडीच्या बोगद्याने पोलादपूर ते खेड हा टप्पा सोपा झाला आहे. वरंधा घाटाच्या मोहात या गाडीने पडू नका. कर्द्याला तीन रात्री. षष्ठीला दाभोळची फेरी ओलांडून गुहागर, तिथे दोन रात्री. अष्टमीला हेदवी, तवसाळ, जयगडची फेरी आणि मालगुंड, तिथे दोन रात्री. दशमीला पहाटे निघून निवळी फाट्याला महामार्ग धरायचा आणि चिपळूण, कुंभार्ली घाट, कऱ्हाड करत घरी. देवगड, मालवण, वेंगुर्ला हा वेगळा आठवडा आहे. तो धाकटा पाच वर्षांचा झाला की करा.

दुसरी गोष्ट ऐकून तुम्ही नाराज व्हाल. व्हॅन घेतली तरी प्रत्येक मुक्कामी एक खोली घ्याच. व्हॅनला बाहेरून दीड-दोन फुटांची उंच पायरी असते, आतला संडास म्हणजे कपाट. आजींना रात्री दोनदा उठावं लागत असेल, तर त्या गाडीत झोपणार नाहीत, रात्रभर जाग्याच राहतील आणि कुणाला सांगणारही नाहीत. खोलीत आजी आणि त्यांच्याजवळ आळीपाळीने एक नात किंवा नातू, गाडीत उरलेले. ताप आला, पाऊस आला, वीज गेली, तरी खोली आहे. आणि घरगुती राहण्याची सोय असलेल्या ठिकाणी खोली घेतली, की अंगण, पाण्याचा नळ, संडास-बाथरूम आणि १६ अँपिअरचा प्लग हे सगळं न मागता मिळतं. खोली ठरवताना फोनवर तीनच गोष्टी विचारा: फाटकाची रुंदी किती, आत वळवायला जागा आहे का, आणि रस्त्यावर वायर किती खाली आहे. दिवाळीनंतरचा हा आठवडा पुण्या-मुंबईच्या गर्दीचा असतो, तेव्हा दसऱ्याच्या आतच ठरवून टाका.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पर्यटन महामंडळाच्या निवासांच्या आवारात जागा मिळाली तर उत्तमच, विचारून बघा. पण माझा भरवसा काकूंच्या अंगणावर जास्त. सकाळी सहाला मुलगा उठून रडायला लागतो, तेव्हा चुलीवर पाणी तापलेलं असतं, ही सोय कुठल्याही पार्कात नाही.

उंचीचं आता सांगते, कारण नवखे लोक इथेच फसतात. गाडी ताब्यात घेतली की टेपने जमिनीपासून छताच्या सगळ्यात उंच भागापर्यंत मोजा. एसीचा डबा, सौर पॅनल, सगळं धरून. तो आकडा मोठ्या अक्षरात कागदावर लिहून काचेजवळ चिकटवा. अंजर्ले, मुरूड, गुहागर इथल्या वाड्यांतले रस्ते बैलगाडीच्या मापाचे आहेत. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, वरून पोफळी आणि त्यांच्यातून लोंबणाऱ्या वायरी. शंका आली की एकाने खाली उतरायचं आणि पुढे चालायचं. लाजायचं नाही. आमच्या छताचा पंखा एका फणसाच्या फांदीने नेला, तेव्हा मी आतून “जाईल, जाईल” म्हणत होते.

रात्रीची जागा. किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी अजिबात घालू नका. वरून घट्ट दिसणारी ओली वाळू अडीच-तीन टनांच्या गाडीखाली पुरणपोळीसारखी दबते, चाक फिरवाल तितकं खाली जातं, आणि भरती तुमच्यासाठी थांबत नाही. बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी नेल्यावर पोलिसांत गुन्हाही दाखल होतो. सुरूच्या बनात लावायची झाली तर ते बन कुणाचं आहे ते आधी कळायला हवं. ग्रामपंचायतीत विचारा, पोलीस पाटलांच्या कानावर घाला. त्यांना सांगितलेलं असलं की रात्री टॉर्च घेऊन आलेला माणूस चौकशीला आलाय की कशाला, हा प्रश्न उरत नाही. आणि अंगणातसुद्धा माडाखाली गाडी लावायची नाही. नारळ पडतो तेव्हा पत्र्याला खळगा पडतो, झावळी पडली तर काच जाते, आणि मूल खाली खेळत असेल तर पुढचं लिहवत नाही. कोकणातला कुठलाही माणूस वर बघितल्याशिवाय खाट टाकत नाही.

जागा सपाट आहे का, ते डोळ्यांनी कळत नाही. ओट्यावर पाण्याची अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवा, हवेचा बुडबुडा जिकडे जाईल ती बाजू उंच. खालच्या बाजूच्या चाकांपुढे फळ्या टाकून गाडी त्यांवर चढवा. तरीही थोडा उतार राहिलाच, तर डोकी उंच बाजूला. अडीच वर्षांचं पोर पायथ्याकडे घसरत जातं आणि पहाटे तीनला बापाच्या पोटावर सापडतं.

आता भरती-ओहोटी. ही एक गोष्ट शिकलात तर निम्मी सहल आपोआप मार्गी लागेल. मोबाइलवर तक्ते मिळतातच, पण किनाऱ्यावर रेंज जाते तेव्हा जुना हिशेब कामाला येतो: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे चार, त्याची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटीची वेळ, साधारण सकाळी नऊ. शुद्ध असो वा वद्य, पक्ष कुठलाही असला तरी हिशेब तोच, आणि रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. मुंबईपासून खाली जाताना अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तिथीचा क्षय असला तर कालनिर्णय बघून घ्या. खात्री करायची तर होडी ओढणाऱ्या माणसाला विचारा. तो आकाशाकडेही न बघता सांगतो.

तुमच्या तारखांना हा हिशेब लावून बघू. चतुर्थीला कर्द्याला तुमची पहिली सकाळ. सातला किनाऱ्यावर जाल तेव्हा पाणी ओसरत असेल. त्या वेळी कुणीही पाण्यात जायचं नाही, मोठ्यांनीसुद्धा नाही, कारण ओसरतं पाणी पाय ओढतं. मुलांना मागे राहिलेल्या डबक्यांवर सोडा. नऊनंतर पाणी पुन्हा चढायला लागेल, तेव्हा हात धरून घोट्यापर्यंत. साडेदहाला ऊन लागायला लागतं, तेव्हा परत. पंचमीला हेच पाऊण तास उशिरा. म्हणजे दिवाळीनंतरच्या पहिल्या दोन-तीन सकाळी लहान मुलांसाठी अगदी मापाच्या. अष्टमी-नवमीला उलट: सकाळी सहा-सातला भरती, ओहोटी ऐन दुपारी. तेव्हा मालगुंडला सकाळी वाळूचे किल्ले आणि दुपारी चारनंतर पाणी, असं वेळापत्रक फिरवायचं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी ना फार चढत ना फार उतरत. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण त्याच्या नेमकं उलट.

समुद्र सगळीकडे सारखा नसतो. कर्द्याचा किनारा पसरट आहे, पाणी हळूहळू खोल होतं, म्हणून पहिला मुक्काम मी तिथे धरला. गणपतीपुळ्याचा समुद्र देखणा आणि फसवा. तिथे दरवर्षी माणसं बुडतात. देवळात जा, प्रसाद घ्या, पाण्यात नको. मुलं मालगुंडला खेळतील. हेदवीला बामणघळ आहे, कातळातली अरुंद चीर. भरतीला लाट तिच्यात शिरून उंच उसळते. तुम्ही अष्टमीच्या दुपारी तिथून जाल तेव्हा ओहोटी असेल, ती उसळणार नाही, आणि अडीच वर्षांचं पोर कडेवर असताना तेच बरं. कातळावरचं शेवाळ लोण्यासारखं निसरडं असतं. दशभुज गणपतीचं दर्शन घ्या, तिथेच कुणाकडे जेवायचं सांगून ठेवा, आणि तीनच्या फेरीला तवसाळला जा.

फेरीबोट हा मुलांच्या दृष्टीने सहलीचा कळस. चालकाच्या दृष्टीने परीक्षा. बोटीचं तोंड धक्क्याच्या उतारावर टेकतं आणि गाडी त्या उतारावरून आत जाते. ओहोटीला पाणी खाली गेलेलं असतं, बोट खाली बसते, उताराचा कोन तीव्र होतो. साध्या कारला काही होत नाही. पण आपल्या गाडीचं शेपूट मागच्या चाकांच्या मागे चांगलं लांब असतं, आणि त्याच्या खाली नेमकी पाण्याची टाकी. पुढची चाकं बोटीवर चढली की शेपूट सिमेंटला घासतं. आम्ही एकदा अमावास्येच्या ओहोटीला घाईने गाडी घातली. खलाशी “ताई, तासभर थांबा” म्हणाला होता. मी थांबले नाही. टाकीचा नळ मुळासकट तुटला आणि शंभर लीटर पाणी डेकवर. मुलं त्यात नाचत होती, खलाशी माझ्याकडे बघतही नव्हता. इतका सज्जन माणूस! तेव्हापासून भरती-ओहोटीच्या मधली वेळ गाठते. तुमची षष्ठीची दाभोळ फेरी दुपारी दीडच्या सुमाराची धरा: ओहोटी पावणेअकराला, भरती साडेचारला, म्हणजे पाणी बरोबर मध्यावर. पोहोचल्यावर पहिलं वाक्य, “गाडीचं शेपूट लांब आहे.” पुढचं ते बघतात. गॅसचा नॉब आधी बंद, गाडीत एकटा चालक, मुलं आणि आजी चालत आत. बोटीवर हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये.

गाव बदलायचं ते धाकटा दुपारी झोपतो त्या वेळात. जेवून साडेबाराला निघायचं, तीन-साडेतीनला पोहोचायचं. सूर्य मावळल्यावर गाडी हलवायची नाही, मग वाटेत कितीही चांगलं काही असो. कोकणातल्या रस्त्यांवर रात्री गुरं बसलेली असतात आणि वळणावर समोरचा दिवा मंद करत नाही.

गाडी लागणाऱ्या मुलाला खिडकीजवळ आणि शक्य तितकं पुढे बसवा, रिकाम्या पोटी नको आणि तुडुंब पोटीही नको. आमच्याकडे आलेपाकाची वडी चालते. औषध द्यायचं तर डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारून, वजनानुसार. ताम्हिणी उतरताना मोबाइल बघू देऊ नका, आईलासुद्धा.

भाड्याची व्हॅन बघायला जाल तेव्हा पडदे, टीव्ही, रंगीत दिवे यांच्याकडे बघू नका. सीट बघा. बऱ्याच गाड्यांत आडवी बाकं असतात, पाठ खिडकीला आणि तोंड समोरच्या बाकाकडे. चालत्या गाडीत त्यावर मूल बसवणं धोक्याचं. पुढे तोंड असलेल्या, तीन टोकांच्या पट्ट्याच्या सीट माणशी एक हव्यात, धाकट्यासाठी त्यावर बालआसन घट्ट बसायला हवं. कायद्यानेही १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर १,००० रुपये दंड आहे, पण दंडाचं राहू द्या. मागच्या पलंगावर झोपून प्रवास करायची मुलांना भारी हौस असते. ती गाडी उभी असतानाच.

चालकासकट गाडी घ्या. एक मोठं माणूस मागे मुलांजवळ लागतं, आणि आठ दिवस रोज गडग्यांमधून गाडी काढून तुमची सुट्टी होणार नाही. मात्र चालक कुठे झोपणार ते पहिल्या दिवशीच ठरवा. त्यांच्यासाठी वेगळी खोली किंवा पडवीत खाट, पंखा, जेवण. ‘ते पुढच्या सीटवर झोपतील’ असं गाडीमालक सांगतात. घामाघूम होऊन डासांत रात्र काढलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्या दिवशी घाटात तुमची मुलं असतात.

आणि हे मात्र दोनदा वाचा. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकऱ्याला रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस उठत नाही. झोपताना इंजिन चालू ठेवून एसी लावायचा नाही. जनरेटरवर तर नाहीच. एसी हवा असेल तर घरातल्या प्लगवर. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बॅटरीवर चालतो, लहानसा असतो. गाडीत नसेल तर स्वतः विकत घ्या आणि पलंगाच्या जवळ लावा. खरं तर नोव्हेंबरात रात्री जाळ्या लावून दोन समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवल्या आणि छताचा पंखा चालू ठेवला की पुरतं. जाळी फाटकी नाही ना, ते दिवसा उजेडाकडे धरून बघा. रात्री फाटकी जाळी डासच शोधून देतात.

संडासाविषयी कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. गाडीतला डबा फक्त रात्रीच्या लघवीसाठी आणि अगदी अडचणीला, असा नियम केलात तर तो दोन-तीन दिवस पुरतो. रिकामा करायचा तो घरमालकांना विचारून त्यांच्या संडासात. त्यात टाकायचं रसायन फॉर्मालिनचं असेल तर त्यांच्या सेप्टिक टाकीतले जंतू मरतात आणि टाकी तुंबते, म्हणून जैविक पावडर वापरा आणि तसं त्यांना सांगा. सुरूच्या बनात, ओढ्यात, खड्डा खणून, कुठेही नाही. भांडी घासल्याचं पाणीसुद्धा बादलीत धरून माडाच्या आळ्यात, तेही साबण कमी असेल तर. आम्ही चौघं टाकीचं पाणी दिवसाला ४० लीटरमध्ये भागवतो, कारण आंघोळी घराच्या बाथरूममध्ये होतात. टाकीचं पाणी पिऊ नका. प्यायला उकळून गार केलेलं किंवा मोठा जार.

वाळू. पहिल्या दिवशी सगळे सांगतात, पाय धुऊन आत यायचं. दुसऱ्या दिवशी पलंगावर रांगोळी घालावी इतकी वाळू असते. ओल्या अंगाची वाळू पुसून निघत नाही, ती फक्त पसरते. मुलाला आधी उन्हात पाच मिनिटं कोरडं होऊ द्या, मग अंगाला टाल्कम पावडर लावून सुती पंचाने झटका. वाळू झरझर गळून पडते. तोंडाजवळ पावडर नको. मग दारातल्या टबमध्ये पाय, आणि आत. चपला बाहेर टोपलीत, पण सकाळी घालताना झटकून.

झटकून म्हणते ते विंचवासाठी. चिऱ्याचे गडगे, लाकडाचे ढीग, पालापाचोळा ही विंचवाची घरं, आणि रत्नागिरीच्या कातळसड्यावर फुरसं हा विषारी साप असतो. अंधारात अनवाणी कुणी उतरायचं नाही, टॉर्च दाराशीच टांगलेला. मुलाला विंचू चावला आणि घाम, उलट्या, हातपाय गार पडणं असं दिसलं तर उतारे करत बसू नका, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे साधं रक्तदाबाचं औषध लागू पडतं हे दाखवून दिलं, आणि कोकणातली कितीतरी मुलं त्याने वाचली. साप चावला तर पट्टी आवळणं, चिरणं, चोखणं काही नाही. तो अवयव हलू न देता थेट रुग्णालय. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. तुमच्या वाटेवर दापोलीला उपजिल्हा रुग्णालय, गुहागरला ग्रामीण रुग्णालय, रत्नागिरीला जिल्हा रुग्णालय. प्रत्येक मुक्कामी पोहोचल्यावर घरमालकांना एकच विचारा, “रात्री दोनला पोर आजारी पडलं तर तुम्ही कुठे नेता?” त्यांचं उत्तर नकाशापेक्षा खरं असतं. पाण्यात पाकट माशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या. पाय न उचलता घासत चाललं की पाकट आधीच पळतं, मुलांना ही चाल शिकवा, त्यांना तो खेळच वाटतो.

जेवणाची काळजी करू नका. गाडीत स्वयंपाक करायची हौस दोन दिवसांत फिटते. चहा, दूध, मुलांचा मऊ भात एवढाच गाडीत. मेतकूट आणि तुपाची बाटली घरून न्या. बाकी सकाळी घावन, दुपारी सोलकढी-भात, उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगून. तिखट कमी हवं हे एकदा सांगून भागत नाही, दोनदा सांगा. गॅसचा नॉब अडीच वर्षांच्या हाताला पोहोचेल इतका खाली असतो. स्वयंपाक झाला की सिलिंडरवरून बंद. सरकत्या दाराचंही तसंच: बंद करताना मोठ्याने “हात!” म्हणायचं, आणि सगळ्यांनी हात वर केले की मगच दार ओढायचं.

बघायचं काय, असं तुम्ही विचारलंच नाहीत, याचा मला आनंद झाला. तरी दोन जागा सांगते. हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो. आजी आणि नात दोघींनाही तो सारखाच आवडेल, वास सोसला तर. आणि अंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, कारण तिथे गाडीरस्ता वरपर्यंत जातो, आजींना पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. कासवांची पिल्लं बघायची असतील तर त्यासाठी ही वेळ नाही. वेळास आणि अंजर्ल्याला ती फेब्रुवारी-मार्चनंतर.

निघण्यापूर्वी एक रात्र व्हॅन बिल्डिंगखाली लावून तिच्यात झोपा. आठ दिवसांचं भाडं देताय, तर नववा द्या. वॉचमन हसेल, शेजारी विचारतील भांडण झालं का म्हणून. पण कुठला नळ गळतो, कुठली कडी लागत नाही, धाकटा पलंगावरून कुठल्या बाजूला पडतो, रात्री कुठला दिवा कुठल्या बटणावर आहे, हे घराच्या दारात कळलेलं बरं. आमच्या गाडीत पहिल्या रात्री कळलं की उश्या चार आहेत आणि पांघरूण एक. सकाळी लवकर उजेड आत येऊन मुलं उठतात हेही तेव्हाच कळेल, मग खिडक्यांना जाड काळं कापड शिवून घ्यायला वेळ राहील.

परत देताना गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन द्या, खारं पाणी पत्रा खातं आणि अनामत रकमेतून तेच कापतात. घेताना आणि देताना, दोन्ही वेळा मालकांच्या समोर छत, शेपूट आणि टाकीचा नळ यांचे फोटो काढून ठेवा.